लुगड्याला चोळी शोभावी तसा लखोटा

दिवाळी जवळ आली की आमच्या धाराशिवकडे पोस्टमनची वाट दोन कारणांनी पाहिली जाई. एक, तो आणणार ती पत्रे. दुसरे, त्याला द्यायचे पोस्त. पत्र हाती पडले की घरातली जाणती माणसे ते वाचण्याआधी उलटसुलट करून पाहत. कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटे असली तर शुभकार्य. कोपरा फाडलेला असला तर अक्षर लागायच्या आत बायका डोळ्यांना पदर लावत. पत्राच्या आतला मजकूर मागाहून. त्याचे बाह्यांग आधी बोले.

ही रीत जुनी आहे. पेशवाईत राजेरजवाड्यांना जाणारे पत्र सोनेरी शिडकाव्याच्या कागदावर लिहीत आणि किनखापाच्या थैलीत घालून, लाखेची मोहोर करून पाठवीत. हाच खलिता. समोरच्याची योग्यता काय, हे थैलीवरून कळे. साध्या गृहस्थाच्या पत्राला मात्र वेगळे पाकीट कुठले? कागदाच्याच घड्या घालायच्या, बाहेरच्या घडीवर नाव लिहायचे, झाला लखोटा! पत्र आणि पाकीट एकाच कागदाचे असत.

तो कागदही बहुधा हाताचाच. मोडी दफ्तरांत दौलताबादी आणि जुन्नरी कागदांची नावे येतात. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव तर या धंद्यावरूनच ओळखले जाते. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीला हलविली, तेव्हा आपले पूर्वज आले, असे तिथले कागदी सांगत. चिंध्या आणि तागाचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवून कुटायचे, त्याचा लगदा हौदात कालवून चाळणीवर उचलायचा, ओले ताव भिंतीवर वाळवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. असा ताव बोरूच्या टोकाला अडत नसे. यंत्राच्या कागदापुढे हा धंदा मागे पडला. गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली, ती अशा मोडकळीस आलेल्या विद्येला हात देण्यासाठीच.

शुभेच्छापत्राचे छापील कार्ड मात्र परदेशी. ब्रिटनभर एका पेनीत पत्र पोचविण्याची सोय १८४० मध्ये झाली आणि तीनच वर्षांनी हेन्री कोल याने हॉर्सले या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेऊन ते छापून विकले. किंमत एक शिलिंग! आपल्याकडे सरकारी पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी एका पैशात मिळू लागले. पुढे छापील कार्डे आली, पण मराठी घराने त्यांना आपला सण दिला तो संक्रांतीचा. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ एवढे लिहायचे आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकायचे. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचा चुरा होई, पण तो चुराही सगळे वाटून खात.

धाराशिवच्या माणसाला यात आणखी एक अडचण होती. जिल्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याची टपाल तिकिटे १८६९ पासून निराळी, आणि संस्थानाबाहेर ती चालत नसत. बार्शी हाकेच्या अंतरावर, पण इंग्रजी मुलखात. लेक तिकडे दिलेली असली की एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवरच्या पत्रालाही दुसऱ्या सरकारचे तिकीट लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५० मध्ये टपालही एक झाले.

माझी आजी याच दोन टपालांच्या काळातली. तिची थोरली बहीण, आमची अक्का, बार्शीची. दोघींनाही अक्षरओळख नव्हती. पत्र लिहायचे तर कुणाकडून तरी लिहवून घ्यायचे, आणि आलेले कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. सासरच्या माणसाने मोठ्याने वाचायच्या पत्रात मनातले काय सांगणार? म्हणून आजी कार्ड करी. १९६०च्या सुमारास मी तिच्या हाताखाली होतो. चित्रकलेच्या कागदाचा जाड ताव घ्यायची. हळदीचा पिवळा, पळसफुलांचा केशरी, निळीचा निळा आणि काजळीचा काळा, एवढ्यांत ठिपक्यांची रांगोळी उतरायची. मधोमध तुळजापूरच्या कुंकवाचे बोट. आजी आजारी असली की ठिपके विरळ पडत; घरी बाळ झाले की रांगोळीत पाळणा येई. अक्का ते कुणाच्या मदतीवाचून वाचत असे.

पाकीट त्याच तावाचे हवे, हा तिचा हट्ट. म्हणायची, “लुगड्याला चोळी शोभली पाहिजे रे.” चार इंच बाय सहा इंचांच्या कार्डाला आठ इंचांचा चौरस लागतो. चौरस कोपऱ्यावर उभा धरून कार्ड मधोमध आडवे ठेवावे. आधी डावा-उजवा कोपरा आत, मग खालचा, शेवटी वरचा. घडी कार्डाला अगदी घट्ट नको, सुताभराची सैल हवी. खालच्या झडपेला बाभळीचा डिंक, आणि वरची झडप पत्र आत गेल्यावर बंद. पत्ता तेवढा आम्ही लिहायचा.

छापील कार्ड उघड्या पाकिटातून बुक पोस्टाने कमी पैशात जाई. आजीचे पाकीट बंद, त्याला पुरते तिकीट लागे. वडील एकदा म्हणाले, “बाजारातले कार्ड स्वस्त पडेल.” आजी म्हणाली, “ते अक्काला वाचता येणार नाही.”

अक्का गेली त्या साली कोपरा फाडलेले कार्ड आले. त्यानंतर आजीने रांगोळीचे कार्ड केले नाही. अक्काच्या पेटीत तिची सगळी कार्डे पाकिटांसकट निघाली. एकही पाकीट फाडलेले नव्हते, डिंक पाण्याच्या बोटाने सोडवून उघडलेले.

आता शुभेच्छा फोनवर क्षणात येतात, आणि शंभरजणांना एकच येते. त्यात राग धरण्यासारखे काही नाही. पण यंदा फराळाचे डबे भरून झाले की घरातल्या पोरांना आठ इंचांचा एक चौरस कापून द्या. हळद स्वयंपाकघरात आहेच.