वाचासाहाय्यक साधने व लोकदृष्टी

बोलण्याची शक्ती नसलेल्या वा अल्प असलेल्या व्यक्तीस आपले मनोगत कळविण्यासाठी उपयोगी पडणारी साधने. चित्रफलक, अक्षरफलक व संगणकीय आवाजात बोलणारी यंत्रे ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांच्या प्रसारात यंत्राच्या किमतीइतकीच एक जुनी शंका आड येत आली आहे : जो बोलत नाही, त्यास बुद्धी तरी आहे काय? जुन्या इंग्रजी विधीत जन्मतः मूकबधिर असलेल्यास जडबुद्धी गृहीत धरीत.

भारतात ही शंका न्यायालयात आधी फिटली, घरोघरी नंतर. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या ११९ व्या कलमाने मुक्या साक्षीदाराने भर न्यायालयात लिहून वा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली. गळा चिरलेल्या एका स्त्रीने मृत्यूपूर्वी प्रश्नांना हाताच्या खुणांनी उत्तरे दिली होती. प्रश्न व खुणा मिळून ते शाब्दिक निवेदनच होय, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १८८५ मध्ये ठरविले. २०१३ च्या दुरुस्तीने कलमात दुभाषी व विशेष शिक्षक आले. २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे.

शिक्षणक्षेत्रात मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेचे कार्य मूलगामी आहे. मेंदूचा पक्षाघात असलेल्या त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून वन लिट्‌ल फिंगर (२०१०) हे आत्मचरित्र लिहिले. तरीही अशा व्यक्तीस वगळून तिच्या सोबत्यासच ‘हिला काय हवे?’ असे विचारण्याची रीत सुटलेली नाही. साधन हाती दिल्यास मूल बोलणेच सोडील, ही पालकांची भीती मात्र निराधार होय. २००६ च्या एका संशोधन-समीक्षेत काटेकोरपणे तपासलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते; बहुतेकांचे वाढलेच होते.

प्रत्येक शंका अनाठायी असते, असेही नव्हे. मदतनिसाने हात धरून अक्षरे दाबविण्याच्या पद्धतीत शब्द नकळत मदतनिसाचेच उतरतात, असे १९९० नंतरच्या चाचण्यांत आढळले.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने संज्ञापनाच्या व्याख्येत पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला. परंतु यंत्राचे मराठी प्रमाण भाषेचे असते. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटसारख्या वऱ्हाडी गावात घरचे सारे ‘मले’, ‘तुले’ म्हणत असता यंत्र ‘मला’, ‘तुला’ म्हणते आणि तो आवाज परका वाटतो. कागदी फलकावर घरचे शब्द लिहिता येतात व खर्चही नाममात्र येतो; मात्र तो वाचून सांगणारा माणूस लागतो आणि ऐकणाऱ्याची शंका त्याच्याकडे वळते.