कर्जतचे जुने वाडे व त्यांचा जीर्णोद्धार

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला कर्जत तालुका आहे. दक्षिणेस भीमा, पूर्वेस सीना, आणि मध्यें कमी पावसाचें माळरान. मुंबईहून पुण्यास जातांना घाटापूर्वीं जें कर्जत लागतें तें निराळें. तेथें पावसाचा मारा मोठा, म्हणून घरांवर उतरतीं कौलें. येथें पावसाची वाट पाहण्यांत जन्म जातो, म्हणून घरांवर सपाट मातीचें माळवद. दोन गांवांचें नांव एक, परंतु डोक्यावरचें छप्पर वेगळें. आणि घराचा इतिहास सांगावयाचा तर आरंभ छपरापासूनच केला पाहिजे.

ह्या भागांतील जुनें घर खणांनीं मोजीत. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर लांकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचांचें आच्छादन, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांवर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी ही रचना. वसतीच्या जागेस पांढरी व पिकाच्या जमिनीस काळी म्हणण्याचा महाराष्ट्राचा जुना प्रघात आहे. तो ह्या छपरावर उभें राहिलें म्हणजे नीट समजतो. काळी माती उन्हानें भेगाळते. पांढरी तितकी भेगाळत नाहीं, म्हणून ती घराच्या कामाची. भोंवतीं दोन ते चार फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. भिंतींत देवळ्या, कोनाडे आणि धान्याचें बळद. माजघराच्या माथ्यावर उजेडासाठीं ठेवलेलें साणें. पुढें ढेळज, सोपा आणि चौक. वैशाखांत बाहेर ऊन रखरखत असतां माजघरांत घोंगडी घ्यावी लागे असें वृद्ध सांगतात. त्यांत थोडी अतिशयोक्ति धरली, तरी गारव्याची गोष्ट खरी आहे.

एक गोष्ट मात्र येथें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. अशा घरांत छपराचा भार वाहण्याचें काम मुख्यतः खांबांचा सांगाडा करतो. भिंत ही पुष्कळ अंशीं आडोसा असते. हें ज्यास कळलें त्याला जुन्या घराची दुरुस्ती करतां येते. ज्यास कळलें नाहीं तो दुरुस्तीच्या नांवानें घर पाडतो.

उत्तर पेशवाईंत ह्या बाजूस बांधकामाला बरे दिवस आले, ह्यांत नवल नाहीं. शेजारच्या श्रीगोंद्याचा संबंध शिंद्यांशीं; आणि कर्जतला लागून असलेल्या जामखेड तालुक्यांत चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव. इ.स. १७२५ मध्यें तेथें जन्मलेल्या ह्या बाईंनीं काशीपासून रामेश्वरापर्यंत बांधकामें केलीं, तसें कर्जत तालुक्यांतच भीमेच्या कांठीं सिद्धटेकच्या गणपतीचें देऊळही बांधविलें. चौंडीचा त्यांचा माहेरचा वाडा आज डागडुजी करून स्मारक म्हणून राखला आहे. परंतु स्मारकाची दुरुस्ती आणि राहत्या घराची दुरुस्ती ह्या दोन भिन्न गोष्टी होत. स्मारकांत चूल पेटत नाहीं, न्हाणीचें पाणी वाहत नाहीं, भावाभावांची वांटणी होत नाहीं. कर्जत, राशीन, मिरजगांव अशा गांवांतून राहत्या घरांचा जो प्रश्न आहे तो ह्यापेक्षां पुष्कळ अवघड आहे.

जुन्या घरांत नवें मिसळण्याची कल्पना आजची आहे असा एक समज आहे. तो खरा नव्हे. इ.स. १८७८ मध्यें धोंड-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि ह्या मुलखाच्या उंबरठ्यावर लोखंडी तुळया, पन्हळी पत्रे, शहाबादी फरशी हा माल येऊं लागला. मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ सालीं निघाला होता. ती कौलें देशावरही पोंचलीं. १९१४ मध्यें पोरबंदरास सिमेंट तयार होऊं लागलें, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांत त्याची गोणी खेड्यापर्यंत आली. वाड्याच्या सोप्यावर पत्रा, माजघरांत शहाबादी फरशी, साण्यावर कांच, देवळींत विजेचें बटण, असा संसार कोणा स्थापत्यविशारदाला न विचारतां लोकांनीं मांडला. त्यांत कांहीं फार शहाणपणाचें होतें. साण्यावर कांच बसविली तर उजेड राहतो व पाऊस अडतो. फरशीनें सारवणाचे कष्ट वांचतात. हीं सुधारणा करणाऱ्या गृहिणींस वाड्याचें सौंदर्य कळत नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांचे गुडघे दुखत होते.

घात झाला तो सिमेंटनें, म्हणजे सिमेंटच्या अस्थानीं उपयोगानें. दगडमातीची भिंत जमिनींतील ओल वर ओढते आणि पृष्ठभागांतून ती हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर मातीचा अथवा चुन्याचा गिलावा असेल तर ही ये-जा चालू राहते. सिमेंटचा गिलावा केला कीं बाहेरची वाट बंद होते. ओल आंतल्या आंत वर चढते, भिंतीला लोणा लागतो, आणि भिंतींत पुरलेल्या खांबाचें बूड कुजूं लागतें. वाळवीस असें ओलें लांकूड फार प्रिय. मालकास वरून गुळगुळीत, पांढरी, टणक भिंत दिसते व खर्च केल्याचें समाधान वाटतें. दहा-वीस वर्षांनीं गिलाव्याचा पापुद्रा हाताएवढा सुटून पडतो, तेव्हां मागें भिंतीची माती भुसभुशीत झालेली असते. ह्याहून वाईट प्रकार म्हणजे खांब-तुळया काढून विकणें व त्याच मातीच्या भिंतींवर लोखंडी तुळया किंवा सिमेंटचा स्लॅब टेंकविणें. जिनें कधीं सगळा भार वाहिला नाहीं तिच्या डोक्यावर तो एकदम देणें, हें नव्या-जुन्याचें मिश्रण नव्हे.

भार आणि जोड ह्यांचें मोल महाराष्ट्राला किती जबर किंमत देऊन कळलें, तें १९९३ सालीं दिसलें. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपतिविसर्जन करून लोक झोंपले असतां, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद, आतांचें धाराशिव, ह्या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. तीं बहुतेक आपल्याच घराखालीं गाडलीं गेलीं. घरांची धाटणी हीच होती: जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. पिढ्यानुपिढ्या गळती थांबविण्यासाठीं दर पावसाळ्यापूर्वीं मातीचा नवा हात देत गेल्यामुळें छपरावरचा थर कोठें कोठें दोन-दोन फुटांहून जाड झाला होता. भिंतीचे आंतले व बाहेरचे असे दोन पदर, आणि मध्यें दगडगोट्यांची भर. दोन पदरांना एकत्र बांधणारे आरपार दगड फारसे नव्हते. हादरा बसतांच पदर सुटले आणि भिंती ढासळल्या. तरी ज्या घरांत लांकडी खांबांचा सांगाडा चांगला होता त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं भिंती पडूनही छप्पर खांबांवर तोललेलें राहिलें, व त्याखालचीं माणसें वांचलीं.

त्या आपत्तीनंतर गांवोगांव एकच धास्ती पसरली, कीं माळवद म्हणजे मरण. ती स्वाभाविक होती. पण तिच्यापायीं नुसत्या नांवाच्या भीतीनें जीं घरें सुधारतां आलीं असतीं तींही पाडलीं गेलीं. शासनानें पुनर्वसनाबरोबर दुरुस्ती व मजबुतीकरणाचीही योजना हातीं घेतली होती. तिच्यांत तज्ज्ञांनीं सांगितलेले उपाय फार साधे आहेत. छपरावरील जादा माती उतरवून थर वीतभर ठेवणें; खांब आणि तुळई जेथें मिळतात त्या कोपऱ्यांत तिरके लांकडी टेंके ठोकणें, म्हणजे चौकट वांकडी होत नाहीं; भिंतींत ठराविक अंतरावर आरपार भोंक पाडून त्यांत सळई घालून सिमेंट-काँक्रीट भरणें, म्हणजे दोन पदर एकमेकांस धरून राहतात; आणि भिंतीच्या माथ्याशीं भोंवतालून पट्टा बांधणें. सिमेंट आणि पोलाद येथेंही आहेच. परंतु तें भिंतीचें तोंड बंद करण्यास वापरलेलें नाहीं, तिला बांधून ठेवण्यास वापरलें आहे. राशीनच्या जगदंबेच्या देवळांतील दीपमाळा हलविल्या असतां हलतात, हें पाहण्यास लोक दुरून येतात. बांधकामानें थोडें हलावें व पडूं नये, ही गोष्ट कर्जतकरांस परकी वाटण्याचें कारण नाहीं.

दगड-लांकडाच्या मोठ्या वाड्यांचें पुढें काय होतें हें पाहण्यासाठीं थोडें दूर जावें लागेल. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानें १८०७ च्या सुमारास बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्यें तेथें संस्कृत पाठशाळा भरूं लागली. १८७९ मध्यें आग लागून त्याचा मोठा भाग जळाला, तो लोकवर्गणीच्या साह्यानें दुरुस्त झाला. पुढें कांहीं काळ नगरपालिकेचें कार्यालय तेथें होतें, टपालकचेरीही होती. सुरूच्या नक्षीचे खांब आणि दर्शनी सज्जा आजही लोक मान वर करून पाहतात. शाळामास्तर, कारकून आणि टपालवाले ह्यांनीं वाड्याची अवकळा केली अशी तक्रार ऐकूं येते. पण छप्पर गळलें कीं ओरड करणारें कोणीतरी आंत होतें, हा त्यांचा उपकार मानला पाहिजे. इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा. खालचे तीन दगडी, वरचे चार लांकडी. १९८४ च्या दंगलींत त्याचा मागचा भाग जळाला. सुमारें वीस वर्षें तो तसाच पडून होता. नंतर २००६-०७ च्या सुमारास वीट आणि चुना अशा जुन्याच साहित्यानें तो पुन्हा उभारण्यांत आला. राजघराण्यास तें परवडलें. तीन खणांच्या वाड्याच्या मालकास वीस वर्षें थांबतां येत नाहीं. त्याचे चार पावसाळे चुकले तर पांचव्यांत तुळई खालीं येते.

आणि हा मालक एकटा नसतो. जुन्या घराचा खरा शत्रु पाऊस कीं वांटणी, हें सांगणें कठीण आहे. चार भावांत वाडा वांटला गेला म्हणजे चौकांतून भिंत जाते. एक भाऊ पुण्यास असतो, त्याला दुरुस्तींत रस नसतो. दुसऱ्यास त्याच जागीं बंगला हवा असतो. तुळई मात्र दोघांच्या हिश्शांतून सलग गेलेली असते. एकानें आपला अर्धा भाग उतरविला कीं दुसऱ्याच्या अर्ध्याचा आधार जातो, आणि न्यायालयांत निकाल लागेपर्यंत दोन्ही अर्धें जमीनदोस्त होतात. महाराष्ट्रांत १९९४ पासून व सर्व देशांत २००५ पासून मुलींसही वडिलोपार्जित मालमत्तेंत जन्मतः वांटा मिळाला, हें न्याय्यच झालें. सह्या करणारे हात वाढले, एवढेंच. मग जुन्या सागवानाचा दलाल दारांत येतो. कोरीव खांब शहरांतील उपाहारगृहाच्या दिवाणखान्यांत जातो व तेथें शोभेसाठीं उभा राहतो. कोणताही भार न वाहतां.

युरोपांत हा वाद फार पूर्वींच लढला गेला. इंग्लंडांत विल्यम मॉरिस ह्यानें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली, ती जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं चाललेल्या नकली जुनेपणास विरोध करण्यासाठीं. १९६४ मध्यें व्हेनिस येथें भरलेल्या परिषदेनें असें ठरविलें कीं, भर घालणें अपरिहार्य असेल तेथें नवें काम मूळच्या रचनेहून वेगळें ओळखूं यावें, व त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. खेड्यांतील गवंड्यानें ही सनद वाचलेली नसते. परंतु जुन्या घडीव चिऱ्यांच्या भिंतींत पडलेलें खिंडार विटांनीं बुजवून तो वीट उघडी ठेवतो, तेव्हां तो तिचें पालनच करीत असतो. उलट, सिमेंटच्या खांबावर लांकडाचा रंग फांसून वर साच्यांतील केळफूल चिकटविणें, हें आजकाल वाड्याच्या थाटाचें म्हणून विकलें जातें. त्यापेक्षां सरळ नवें घर बरें.

राहत्या वाड्यांत नव्याची जागा कोणती, ह्याचें उत्तर बहुतेक वेळीं पाण्यापाशीं सांपडतें. न्हाणी आणि शौचकूप माजघराच्या भिंतीला खेटून केलें तर ती भिंत गेली म्हणून समजावी. परसांत वेगळ्या जोत्यावर, वाटल्यास सिमेंटचेंच, बांधून मध्यें झांकलेला बोळ ठेवला तर म्हाताऱ्या माणसाची रात्रीची सोय होते व वाडाही कोरडा राहतो. पाण्याची टांकी माळवदावर चढवूं नये. तिच्यासाठीं बाहेर स्वतंत्र मनोरा हवा. विजेच्या तारा भिंत खोदून पुरण्यापेक्षां नळींतून उघड्या न्याव्या. दिसतात त्या दिसूं द्याव्या. माती उतरवून हलकें केलेल्या माळवदावर हवा खेळेल इतकी पोकळी सोडून पत्र्याची छपरी घातली, तर गळती थांबते, माती चढविण्याचें वार्षिक काम संपतें आणि खालचा गारवा कायम राहतो. दिसावयास ती फारशी सुंदर नसते. पण तिच्याखालीं कड्या शाबूत राहतात.

अशा कामास मुहूर्त लागतो तो पंचांगांतला नव्हे, हवेंतला. माळवद उघडणें, कुजकी कडी बदलणें, परनाळ नीट करणें हें होळीनंतर सुरू करून मृगापूर्वीं झाकलें गेलें पाहिजे. चुन्याच्या गिलाव्याला मात्र कडक ऊन सोसत नाहीं. तो घाईनें सुकला तर तडकतो. म्हणून गवंडी दसऱ्याची वाट पाहतो, आणि गिलावा झाल्यावर पुढचे कांहीं दिवस ओलीं पोतीं लावून घरच्यांनीं सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारावें, असें बजावून मगच थापी धुतो.