दुर्बीण गेल्यानंतर

१८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगामवाला तिचे प्रमुख होते आणि तिथली २० इंची दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाबरोबर संस्थाही संपावी, ही गोष्ट शिक्षकांनी विचार करावा अशी आहे.

त्याच काळात पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शंकर बाळकृष्ण दीक्षित शिकवीत होते. शाळामास्तरकी करता करता त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १८९६ साली निघाला आणि आजही अभ्यासला जातो. दुर्बीण गेली, मास्तरांचे काम टिकले.

पुढची उभारणीही प्रामुख्याने हौशी मंडळींनी केली. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था निघाली. १९७७ साली मुंबईत नेहरू तारांगण उघडले. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू परतला, त्या सुमारास खगोल मंडळ उभे राहिले. पण मुंबईत आकाश कुठे होते? १९१५ सालापासून खालापूर तालुक्यातील खोपोलीची वीज मुंबईला जात होती. शहराचे दिवे वाढत गेले, तारे मावळत गेले. अखेर तारे पाहण्यासाठी मुंबईकर कर्जतच्या गाडीत बसून वांगणीला येऊ लागले.

कर्जत-खालापूरच्या मुलांच्या डोक्यावर मात्र हे आकाश रोजचेच. इथला अक्षांश १९ अंशांच्या किंचित आत. सूर्य वर्षातून दोनदा ठीक माथ्यावर येतो. पण मेच्या मध्यावर शाळेला सुटी असते आणि जुलैअखेरीस ढग असतात. त्यामुळे पुस्तकातले वाक्य पडताळायचे राहून जाते.

त्यावर उपाय सोपा आहे. १ मीटरची काठी अंगणात सरळ उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. २२ डिसेंबरला ती सुमारे ९१ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला सुमारे ३४. मार्चची काठी आणि सावली प्रमाणात कागदावर उतरवून काटकोन त्रिकोण पुरा करा. काठीच्या टोकाशी कोनमापक सुमारे १९ अंश दाखवील. रात्री ध्रुवतारा पाहा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. क्षितिजापासून ध्रुव जवळजवळ दोन मुठी वर सापडेल. दुपारची सावली आणि रात्रीचा तारा एकच आकडा सांगतात, तो आपल्या गावाचा अक्षांश.

आता द्रुतगती मार्ग आणि नव्या वसाहती यांचा उजेड इथेही पसरतो आहे. काठीला त्याची अडचण नाही, ताऱ्यांना आहे. म्हणून ताऱ्यांचा पाठ आधी घ्यावा.