एकभुक्तापासून पंचावन्न मिनिटांपर्यंत

गणपती आले की घरोघरी मोदक येतात आणि मोदकांबरोबर वजनाची चर्चाही येते. कोणी म्हणतो, दिवसातून दोनदाच जेवा. कोणी म्हणतो, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. वाद नवा वाटतो, पण जेवणाच्या वेळांचा हिशेब आपल्या घरांत फार जुना आहे.

आपल्या व्रतांत एकभुक्त म्हणजे दुपारी एकदाच भोजन, नक्त म्हणजे दिवसभर उपास करून रात्री भोजन. चातुर्मासात काही जण धरणे-पारणे करीत. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण. त्यामागचा हेतू संयमाचा आणि पुण्याचा होता, वजनाचा नव्हे. शिवाय आमच्या बेज्जूरसारख्या प्राणहितेकडच्या मुलखात पावसाळ्यात जुने धान्य संपत येई आणि नवे अजून शेतात उभे असे. भाकरी किंवा आंबील खाऊन दिवसभर निंदणीला वाकणाऱ्यांना वजन उतरवायची गरजच नव्हती.

पुढे उपासाचे ताट बदलले. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज भारतात आल्यानंतरच ती इकडे रुजली. आज तुपातली खिचडी खाऊन केलेली एकादशी रोजच्या जेवणापेक्षा जड होते, हे आपण सारेच जाणतो.

महाराष्ट्रात या विषयाला नवे वळण दिले ते नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) यांनी. त्यांचा विचार पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचवला. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, रोज 45 मिनिटे चाला. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, अशी त्यामागची मांडणी. मुंबईच्या ऋजुता दिवेकर यांनी मात्र 2009 च्या आपल्या पुस्तकात थोडे आणि वारंवार खाण्याचा सल्ला दिला.

मग खरे कोणाचे? शिकागोत 100 जणांवर वर्षभर प्रयोग झाला. त्याचा अहवाल 2017 साली आला. एका गटाने एक दिवस गरजेच्या 25 टक्के आणि दुसऱ्या दिवशी 125 टक्के उष्मांक घेतले, म्हणजे जवळजवळ आपले धरणे-पारणेच. दुसऱ्या गटाने रोज 75 टक्के घेतले. वजन अनुक्रमे 6 आणि 5.3 टक्के उतरले, फरक नगण्य. उलट पहिल्या गटातले अधिक लोक मध्येच गळाले. 2022 साली चीनमधील 139 जणांच्या प्रयोगातही, उष्मांक सारखेच कमी केल्यावर, सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळेत खाण्याने ठळक जादा लाभ दिसला नाही.

आम्हाला यातून एवढेच दिसते की वेळापत्रक हे खाण्याला घातलेले कुंपण आहे. कुंपणाने एकूण खाणे कमी झाले तर वजन उतरते, नाहीतर नाही. आपल्या वाडवडिलांचे दोन वेळचे जेवण आपण घेतले, पण त्यांचे कष्ट घेतले नाहीत. आता नांगराच्या जागी खुर्ची आहे, तर ताटही त्या मानाने लहान हवे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी शेजाऱ्याचे पाहून जेवण सोडू नये. रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे, मग व्रत धरावे. बाप्पाचा मोदक अवश्य खावा. फक्त तो प्रसाद आहे, जेवण नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.