समुद्रावाचून बेट

बेट म्हटले की सामान्य वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे कोकणचा किनारा उभा राहतो. मुरूडच्या पाण्यातील जंजिरा, मुंबईसमोरची घारापुरी, मांडवीच्या फाट्यांनी वेढलेले गोव्यातील दिवाड, ही आपल्या परिचयाची बेटे. तेथील जत्रांची आणि नारळी पौर्णिमेची वर्णने आमच्या वाङ्मयात विपुल आहेत, आणि ती असावीत हे योग्यच होय. परंतु दोन्ही सागरांपासून शंभराहून अधिक कोस दूर पडलेल्या भंडारा जिल्ह्यासंबंधाने कोणी बेटाची गोष्ट काढली, तर ती थट्टा वाटावयाची. तथापि नवेगाव बांधच्या तलावात मालडोंगरी नावाचे एक बेट आहे, आणि ते निसर्गाने केलेले नसून माणसाने केलेले आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. १ मे १९९९ रोजी जुन्या भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन पूर्वेकडचा भाग गोंदिया या नावाने निराळा झाला. नवेगाव बांध त्या भागात गेले. आम्ही ज्या भंडाऱ्याविषयी लिहीत आहो तो हा जुना, अविभक्त भंडारा होय. सरकारी नकाशावरील रेषा बदलली म्हणून तलावाची पाळ किंवा दिवाळीनंतरची मंडई बदलत नाही.

मालडोंगरी हे नावच तिचा इतिहास सांगते. ही मूळची डोंगरी. भोवतालच्या टेकड्यांमधील वाटा मातीच्या पाळींनी बुजविल्या, पावसाचे पाणी कोंडले, आणि खोऱ्याच्या मध्यभागी उभी असलेली टेकडी पाण्याने वेढली गेली. जुन्या गॅझेटियरात या तलावाचा घेर सतरा मैल दिला आहे. हे काम कोलू पाटील कोहळी याने केले असे परंपरा सांगते. आज तो कोलासुर या नावाने देव होऊन बसला आहे; आणि तलावाभोवतीच्या सात शिखरांना सात बहिणी म्हणतात, त्यांनी या कामी कोलूला साह्य केले अशी श्रद्धा आहे. किल्ले बांधणारे, लढाया जिंकणारे, दाने देणारे पुरुष देवपदाला गेल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत. पाणी अडविणारा पाटील देव झाल्याचे उदाहरण मात्र विरळा, आणि ते आमच्या पूर्व विदर्भात आहे याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटतो.

कोहळी हे कोण? रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात (१९१६) त्यांची एक आख्यायिका नोंदविली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीच्या यात्रेहून परतताना या लोकांना आपल्याबरोबर घेऊन आला, अशी ती आहे. आख्यायिकेतील काशी किती खरी हा प्रश्न बाजूस ठेवू. काशीहून आलो असे सांगणाऱ्या जातींची आपल्या देशात वाण नाही. महत्त्वाची गोष्ट ही की, रान तोडून तलाव बांधील त्याला जमीन द्यावयाची, हे गोंड राजांचे धोरण होते असे सर्व परंपरा एकमुखाने सांगतात. राजा पाणी मोजून दान देत होता. धानाच्या मुलखात याहून शहाणपणाचे धोरण दुसरे कोणते असणार? पाऊस येथे भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. आणि धान निसवण्यावर असताना आश्विनात आभाळ कोरडे गेले तर वर्षाचे पीक हातचे जाते. त्या पंधरा दिवसांच्या पाण्यासाठी हे सारे तलाव. मोठ्यास तलाव, लहानास बोडी. पाळीखालून पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम म्हणतात. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात तो काही सौंदर्याच्या गौरवासाठी नव्हे. तो मुलूख त्यांच्यावर जगला.

एक तलाव म्हणजे एकाच जातीची मालमत्ता नव्हे, ही गोष्ट पुढील विवेचनाकरिता ध्यानात ठेवली पाहिजे. पाळ कोहळ्याची असो की मालगुजाराची, पाण्यातील मासळी व शिंगाडा ढिवरांचा. त्याच ढिवरांनी रानातील ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसावेत आणि त्यांच्या बायकांनी मुरमुरे फोडावेत, अशी या भागाची वहिवाट. गुरे पाण्यावर नेणे आणि पाळीवरून परत आणणे गोवाऱ्यांकडे. शेतावर राबणारे निराळे, लोखंड घडविणारे निराळे. या सर्वांचे हक्क व रिवाज पुढे इंग्रजी अमदानीत वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावकागदांत लिहिले गेले. पण त्यापूर्वी ते कोठे लिहिलेले होते? आमचे उत्तर असे की, ते सणांत लिहिलेले होते.

दिवाळीचा पाडवा येथे गायगोधनाचा दिवस असतो. गुरे रंगवून, शिंगांना तुरे बांधून गोवारी ती गावात आणतात. शेणाचा गोवर्धन केलेला असतो, त्यावरून गुरे जातात. गोवारी बासरी आणि डफ यांच्या तालावर नाचतात. अंगावर मोरपिसे असतात, कमरेला व खांद्यावर कवड्यांचे पट्टे असतात. या कवडीने आमचे लक्ष नेहमी वेधून घेतले आहे. कवडी ही समुद्राची. हिंदुस्थानात ती बहुतांशी मालदीवच्या बेटांवरून येत असे, आणि कित्येक शतके हलक्या नाण्याचे काम करीत असे. ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्या गुराख्याच्या कमरेला दूरच्या बेटांवरचे हे नाणे अलंकार म्हणून बांधलेले आहे. व्यापाराचा इतिहास लिहिणारांनी ताम्रपटांइतकेच अशा पट्ट्यांकडेही पाहावयास हवे.

याच गोवाऱ्यांची ढाल असते. ढाल म्हणजे तलवारीबरोबरची नव्हे. उंच बांबूला कापड व मोरपिसे बांधून ती तयार करतात, तिची पूजा होते, ती वाजतगाजत गावातून नेतात. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, तेव्हा हीच ढाल मंडईच्या पटांगणात येते.

पुण्याच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार. झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावाचा वार्षिक उत्सव. दिवसा दुकाने, रात्री दंडार किंवा खडी गंमत, आणि हल्ली नाटक. ‘मंडई’ हा बाजारवाचक शब्दच पुढे जत्रेला लागला, असा समज साधारणपणे आढळतो. आम्हांस तो पटत नाही. शेजारच्या छत्तीसगडात दिवाळीनंतर असाच उत्सव भरतो, त्याला मडई म्हणतात. आणि तेथील राऊत गुराखी जो शृंगारलेला उंच खांब नाचवीत आणतात, त्या खांबालाही मडईच म्हणतात. बस्तरकडे मडईत भोवतालच्या गावांचे देव एकत्र येतात. यावरून आमचे अनुमान असे की, आधी खांब, मग खांबाभोवती जमलेली माणसे, आणि शेवटी माणसांभोवती मांडलेली दुकाने, हा क्रम असावा. म्हणजे मंडई पश्चिमेकडून बाजाराच्या वाटेने आली नसून गोंडवनातील गुराख्यांच्या वाटेने आली. भाषाशास्त्रज्ञांनी याची छाननी अवश्य करावी.

मंडईचा काळही विचारपूर्वक निवडलेला दिसतो. हलके धान निघालेले असते, भारी धान अजून उभे असते. हाताला चार दिवस विसावा आणि घरात नवे तांदूळ. सासुरवाशिणी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. सर्वांत विशेष गोष्ट तिथीची. शेजारची गावे एकमेकांचा दिवस टाळून आपापली मंडई ठरवितात, त्यामुळे आज या गावचे लोक त्या गावी पाहुणे आणि उद्या ते यांच्याकडे. दुकानदारही तसाच गावोगाव फिरतो.

येथे दिवाडच्या बोंदेराचे स्मरण होते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी त्या बेटावर हा ध्वजांचा उत्सव होतो. पोर्तुगीज भाषेत बांदेइरा म्हणजे ध्वज. वाड्यांच्या हद्दींवरून भांडणे होत, म्हणून पोर्तुगीज सत्तेने हद्दीवर निशाणे रोवली, आणि लोकांनी ती दगडांनी पाडली. त्या तंट्याची नक्कल पुढे उत्सव झाली, अशी तेथील परंपरा आहे. तेथे हद्दीचे भांडण सणात मुरले. येथे भांडण होऊ नये म्हणून दिवसच वाटून घेतले. दोन्हीही शहाणपणच, पण आमच्याकडील शहाणपणाला निशाण नाही, मिरवणूक नाही, म्हणून ते पाहुण्याच्या नजरेत भरत नाही.

या व्यवस्थेला धक्का बसला तो १९५१ साली. भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली आणि तिच्याबरोबर तलाव सरकारात जमा झाले. मालगुजारी गेली याचे दुःख करावे असे तिच्यात फारसे काही नव्हते. तिच्या छायेत पुष्कळ जुलूमही झाला. परंतु गाळ काढणे, पाळीवर माती चढविणे, तुडुमाची दुरुस्ती, ही कामे ज्या धाकाने व ज्या लाजेने होत असत, तो धाक आणि ती लाज दोन्ही एकदम गेली, आणि त्यांची जागा घेणारे दुसरे काही वेळेवर उभे राहिले नाही. तलाव उथळ होत गेले. मासळीचा ठेका आता ढिवरांच्या सहकारी संस्था घेतात. जो हक्क होता त्याचा लिलाव झाला, असे कोणी म्हणाले तर ते अगदीच खोटे ठरणार नाही.

सणांचे रूपही पालटले. दंडारीला मागे सारून तिकिटाचे नाटक पुढे आले; वडशाच्या नाटक मंडळ्या हिवाळाभर गावोगाव हिंडतात, आणि एका रात्रीत हजारो माणसे बसून पहाट करतात. नागर समीक्षकांनी या रंगभूमीला नाके मुरडली आहेत. आम्ही त्यांत सामील होत नाही. अनुदानावाचून जगणारी रंगभूमी आज महाराष्ट्रात दुसरी कितीशी दाखविता येईल? बैलांच्या शंकरपटाची कथा निराळी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बंद केल्या, राज्याने कायदा बदलला, आणि १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. मधल्या काळात पटाच्या निमित्ताने होणारी नाटकेही कित्येक ठिकाणी अडली.

दरम्यान वैनगंगेवर नवी बेटे होऊ लागली. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसली. त्याच्या फुगवट्याने पाच नद्यांच्या संगमावरील अंभोऱ्याचा डोंगर पाण्याने वेढल्यासारखा दिसू लागला. मुकुंदराजाने विवेकसिंधु येथेच रचला असे विदर्भातील परंपरा मानते; अंबेजोगाईकरांचे म्हणणे निराळे, आणि तो वाद आम्ही येथे उकरीत नाही. चैतन्येश्वराची यात्रा पूर्वी नावेने होत असे. आता नदीवर मोठा पूल झाला आहे, आणि सुटीच्या दिवशी देवापेक्षा पूल पाहणाऱ्यांचीच गर्दी अधिक असते. त्या पाण्याखाली गावे गेली आहेत. दिवाडचा सप्तकोटेश्वर सोळाव्या शतकात नदीपलीकडे नार्व्याला नेण्यात आला, आणि शिवछत्रपतींनी १६६८ साली तेथे त्याचे देऊळ बांधविले. देव नेता येतो. पण गाव उठविताना मोबदल्याच्या कागदात घराला रकाना असतो, शेताला असतो, झाडालाही असतो. मंडईच्या दिवसाला रकाना नसतो. पाच गावांनी आपसांत वाटून घेतलेला तो दिवस, गावे पाच दिशांना गेल्यावर कोणी कोणासाठी राखावयाचा?

आता पुन्हा ढालीकडे. ज्यांची ती ढाल, त्या गोवाऱ्यांना आपण आदिवासी आहो हे सरकारदरबारी सिद्ध करता आलेले नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, दिवाळी होऊन तीन आठवडे झाले असता, ही मागणी घेऊन ते नागपूरच्या विधानभवनाकडे मोर्चाने गेले. तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. त्यांत बायका व मुले पुष्कळ होती. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला, आणि १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. वाद कागदाचा होता: यादीत ‘गोंड गोवारी’ असे छापलेले आहे, ‘गोवारी’ असे नाही. कायद्याच्या अर्थाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. इतिहासाच्या बाजूने एवढे मात्र सांगता येते की, गोंड राजाने दिलेल्या जमिनीवर, कोहळ्याने बांधलेल्या पाळीवरून, ज्याने पिढ्यान्‌पिढ्या गुरे हाकली, त्याच्या हातातील खांब गोंडवनाच्या ज्या भागात जावे तेथे भेटतो. नागपुरात झीरो माइलजवळ त्या ११४ जणांचे स्मारक आहे. दरवर्षी नोव्हेंबरात तेथे गोवारी जमतात, आणि त्याच दिवसांत भंडाऱ्याच्या गावांतून मंडया भरलेल्या असतात.