विदूषकाचे हरवलेले शब्द

सांगलीस ता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. मराठी नाटकाचा आरंभ म्हणून त्या दिवसाचें स्मरण दरसाल होतें, आणि तें योग्यच आहे. आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत ते मात्र भावे यांच्या खेळांत राम-रावणांच्याही आधीं येणाऱ्या विदूषकाविषयीं.

त्या खेळांची घडण मोठी चमत्कारिक असे. मंगलाचरण संपलें, कीं वनचराच्या वेषांत विदूषक नाचत येई व सूत्रधाराशीं हुज्जत घाली. मग साक्षात् गजानन प्रकट होत. त्यांचीही थट्टा करण्यास हा गृहस्थ कचरत नसे. पाठोपाठ मोरावर बसून सरस्वती येई. पुढील आख्यान त्रेतायुगांतील असलें, तरी हा रोजच्या बोलींत मध्येंच तोंड घाली. देव, राक्षस आणि हा थट्टेखोर एकाच उजेडांत उभे राहत. स्वप्नांत कशासही आडकाठी नसते, तसेंच तें जग होतें.

पदें सूत्रधार म्हणे. भाषणें नटांनीं आयत्या वेळीं रचावयाचीं. पुढें १८५१ सालीं आश्रयदाते चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन निवर्तले, राजाश्रय सुटला आणि मंडळी परगांवीं हिंडूं लागली. १८५३ मध्यें मुंबईंत ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत तिकीट लावून खेळ झाले. आतां अनोळखी माणसांच्या संतोषावर मंडळींची भाकरी अवलंबून राहिली. विदूषकास तर आधाराला पाठ केलेली ओळही नव्हती. सभा गप्प राहिली, तर त्याच क्षणीं दुसरें कांहीं सुचलें पाहिजे! हंसविणें हा पोटाचा प्रश्न झाला, म्हणजे विनोदाच्या मागें भीति उभी राहते, ती अशी.

१८८५ सालीं भावे यांनीं 'नाट्यकवितासंग्रह' छापून आपलीं पदें राखलीं. आयत्या वेळीं सुचलेली बडबड त्यांत कोठून येणार? तमाशांतील सोंगाड्याची गतही निराळी नाहीं. रेठरे हरणाक्ष हें पठ्ठे बापूरावांचें गांव. पूर्वीं तें सातारा जिल्ह्यांत होतें, आतां सांगलींत मोडतें. बापूरावांच्या लावण्या उरल्या. बतावणी रंगविणाऱ्या सोंगाड्यांचे शब्द वाऱ्यावर गेले. १९७१ च्या 'सोंगाड्या' चित्रपटांत दादा कोंडके यांनीं ह्या कलेस पडद्यावर आणलें खरें. परंतु फीत प्रत्येक खेपेस तेंच बोलते, आणि सोंगाड्याची करामत दर रात्रीं निराळें बोलण्यांत असते.

ज्याचे कागद उरले त्याच्याच नांवें इतिहास सारी मालमत्ता लिहून देतो. आमच्या मतें हा वांटा पुन्हा तपासला पाहिजे. कवीचीं पदें ऐकावयास बसलेली सभा ज्यानें रात्रभर जागी ठेवली, त्याचाही त्या नाटकावर हक्क पोंचतो.