रजईच्या पोटांतला इतिहास

रजईचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या पाठीवरूनच तो लिहितात. कापडाचे रंग, ठिगळांची मांडणी, टांक्यांची नक्षी यांचीं वर्णनें पानेंच्या पानें चालतात. आंत काय भरलें होतें, हें एका ओळींत आटोपतें. हल्लीं मेजावर अंथरावयाच्या लांबट, भरींव पट्ट्या घरीं शिवण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं दिसते. शिवणारणीपुढें तेथें पहिला प्रश्न उभा राहतो तो या पोटाचाच : कापूस घालावा, लोकर घालावी, कीं पॉलिएस्टर? प्रश्न क्षुल्लक खरा. परंतु आमच्या मतें रजईची सारी घडण त्याच्याच उत्तरावर ठरत आली आहे.

आपल्याकडील दोन वस्तू शेजारीं ठेवून पाहाव्या. गोधडीच्या पोटांत जुनीं लुगडीं, धोतरें, फाटके सदरे असतात. हे थर सरकूं नयेत म्हणून कडेपासून मध्याकडे ओळीमागून ओळ बारीक धांवदोरा घालितात. ही शिवण पुन्हा उसवावयाची नसते. कापड विरलें तर वरून आणखी एक थर चढतो. रजईचें याच्या उलट. तिच्यांत पिंजलेली रुई. ती वापरानें दबते, तिचे गोळे होतात, आणि कांहीं हिंवाळे गेल्यावर रजई उसवून ती रुई पुन्हा पिंजारी पिंजून देई. उसवण्यास सोपे म्हणून तिचे टांके लांब व विरळ. ज्या घरीं रुई विकत घेण्याचीही ऐपत नसे आणि पिंजणावळ देण्याचीही नसे, त्या घरची दाट शिवण म्हणजे गोधडी.

अमेरिकेंत हीच गोष्ट निराळ्या वाटेनें गेली. तेथील आखूड धाग्याच्या कापसाची सरकी तंतूंस घट्ट चिकटलेली असे; हातानें एक रत्तल रुई निवडण्यांत मजुराचा दिवस जाई. १७९३ सालीं इलाय व्हिटनी यानें सरकी काढण्याचें दातेरी यंत्र रचलें आणि रुईचा सुकाळ झाला. सुटी रुई धुण्यांत सरकते, म्हणून दोन-दोन बोटांवर टांक्यांच्या ओळी घालाव्या लागत. ज्या नक्षीचें आज एवढें कौतुक होतें, तिचें पहिलें काम रुईला जागच्या जागीं धरून ठेवणें हें होतें.

रजई उजेडासमोर धरावी, सरकीचे काळे कण दिसले तर ती १७९३ पूर्वींची समजावी, अशी एक समजूत तिकडे रूढ आहे. अभ्यासकांनीं ती खोडून काढली आहे. यंत्रांतून निघालेल्या हलक्या रुईंतही कण राहतच. परंतु त्या समजुतींतील खरी उणीव आम्हांस वेगळीच वाटते. तींत यंत्राचें साल ध्यानांत राहतें आणि कापूस वेंचणारे हात विसरले जातात. सरकी काढण्याचे श्रम यंत्रानें वांचविले, वेंचणीचे मात्र वाढविले. १७९० च्या खानेसुमारींत तेथें सुमारें ७ लाख गुलाम होते. १८६० मध्यें ते ३९ लाखांहून अधिक झाले. रजईच्या उबेचा हा हिशेब कोणत्याही कणांत दिसावयाचा नाहीं.

पॉलिएस्टरचा तंतू १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं शोधून काढला. पुढें त्याचे चिकटवून केलेले थर मिळूं लागले, आणि टांक्यांच्या ओळी वीतभर दूर गेल्या तरी भागूं लागलें. नक्षी आपोआप विरळ झाली. अंगावर घेण्यास तें हलकें व फुगीर असतें. मेजावर मात्र हा फुगीरपणाच नडतो, पेला डगमगतो. शिवाय हें द्रव्य सुमारें २५० अंशांवर वितळतें, आणि नरम तर त्याच्या पुष्कळ आधींच पडतें. चुलीवरून उतरलेलें भांडें त्यावर ठेवूं नये हें बरें. लोकर आंच चांगली सोसते, पण गरम पाण्यांत आटते. कापसाचा पातळ थर आधीं भिजवून आटवून घेतला तर तो दोहोंहून सोयीचा. तोही हाताशीं नसल्यास जुन्या सुती लुगड्याचे तीन-चार थर घालावे आणि कडेपासून मध्याकडे धांवदोरा घालीत जावें.